सोललेली बोटं

मुलाखतीचा ईमेल आला तेव्हा मी गुजरातमध्ये, आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये, डाळ-भात पुढ्यात घेऊन बसले होते. ईमेल एकदा वाचला, पुन्हा वाचला आणि ताट तसंच सोडून हात धुवायला उठले. मला काहीही झालं की मी आधी हात धुते. आनंद झाला तरी आणि राग आला तरी. मायक्रोबायोलॉजीत काही वर्षं काढली की ही खोड लागतेच. आमचं कामच मुळी जंतू शोधायचं आणि जिथे ते असता कामा नयेत तिथे ते खरंच नाहीत ना, हे रोज नव्याने तपासायचं. असलं काम करणाऱ्या माणसाला शांत झोप लागत नाही, पण हात मात्र स्वच्छ असतात.

ईमेल खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या औषध कंपनीचा होता. त्यांनी इंजेक्शनं तयार करायचा नवा विभाग उभारला होता आणि निर्जंतुक विभागात काम केलेली माणसं त्यांना हवी होती. मी तेच काम करत होते, फक्त भलत्या राज्यात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा खेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक, घर खेडपासून थोडं आत, घरात तो आणि त्याची आई, आणि घरामागे काजूची बाग. त्याला तिथून हलता येत नव्हतं आणि मला कोकणात माझ्या कामाची नोकरी मिळत नव्हती. आम्ही दोघांनी एका छपराखाली काढलेले दिवस मोजले असते तर हसू आलं असतं, म्हणून मी ते कधी मोजले नाहीत. तेव्हा या मुलाखतीवर काय अवलंबून होतं ते सरळ सांगते. मी नवऱ्याच्या घरात राहणार, की त्याच्या मोबाइलमध्ये, हे ठरायचं होतं.

मोबाइलवर तो माझ्यासाठी ‘अरे’ होता आणि सासूबाईंसमोर ‘अहो’. संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून आमचं जुंपलेलं असताना त्या पडवीत आल्या की तो खाकरायचा, आणि मला ‘अरे, तू ऐकतच नाहीस’वरून एकदम ‘बरं, चहा झाला का तुमचा?’वर यावं लागायचं. भांडणसुद्धा धड पुरं होत नसे.

सासूबाईंशी माझं वाकडं नव्हतं. वाकडं असायला आधी ओळख लागते. मी सणासुदीला चार दिवस यायची, त्या चांगल्या कपबश्या काढायच्या, मासे आणवायच्या, ‘बस गो, दमून आलीयस’ म्हणायच्या आणि मला कशालाही हात लावू द्यायच्या नाहीत. मी देवरूखकडची, भातशेतीच्या घरातली मुलगी. मला बसून राहायची सवय नाही. त्यांच्या घरात मी दीड वर्ष पाहुणचार झेलत होते, आणि पाहुणीला जसं दर वेळी निघावं लागतं तशी दर वेळी निघत होते.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी रजा टाकून खेड स्टेशनवर उतरले. बॅगेत इस्त्रीचा कुर्ता आणि प्रमाणपत्रं होती, आणि मोबाइलमध्ये एवढ्या नोट्स की वाचायला जन्म पुरला नसता. मार्च उलटायला आला होता, म्हणजे ऐन काजूचा मोसम. घरात शिरले तेव्हा पडवीत ओल्या काजूंचा ढीग पडला होता आणि सासूबाई विळीवर बसून काजूगर काढत होत्या. आमच्याकडे मोसमात हे चुकत नाही. मुंबईच्या नातेवाइकांना वानोळा गेला नाही तर वर्षभर बोलणी खावी लागतात. ओल्या काजूची उसळ सगळ्यांना हवी असते, सोलायला मात्र कुणी येत नाही.

ज्यांनी हिरवा काजू कधी चिरला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्याच्या सालीत चीक असतो. तो कातडीला लागला की आधी काही कळत नाही. मग डाग पडतात, काळपट, तपकिरी, धुऊन न जाणारे. मग आग होते. आणि काही दिवसांनी जिथे जिथे डाग असतील तिथली कातडी कोरडी पडून सुटायला लागते. म्हणून बसण्याआधी हाताला खोबरेल तेल चोपडायचं किंवा राख लावायची. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पडवीतच नोट्स वाचत बसले होते. वाचत कसली, एकाच ओळीवरून डोळे फिरवत होते. इतक्या जणांतून मलाच का घेतील, असा विचार मनात आला की नोट्समधलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं जायचं. शेवटी उठले आणि सासूबाईंच्या समोर दुसरी विळी घेऊन बसले.

“राहू दे गो,” त्या म्हणाल्या. “हात जातील तुजे.”

“मला काय नवीन आहे, आई? आमच्याकडेही काजू आहेत.”

“मंग त्याल तरी लाव.” त्यांनी तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली.

मी तेल लावलं. चांगलं चोपडून लावलं. पण मोबाइल समोर डब्याला टेकवून ठेवला होता, अधूनमधून एखादा मुद्दा वाचत होते, आणि तेलकट बोटाने स्क्रीन काही सरकेना. म्हणून बोटं पदराला पुसली. पुढचा मुद्दा वाचायचा, बोटं पुसायची, काजू उचलायचा. काजू, पदर, मोबाइल. एवढी शिकलेली मी, कोणता जंतू कशाने मरतो ते तोंडपाठ म्हणून दाखवणारी, पण आपण बोटांवरचं तेल पुसून टाकतोय हे माझ्या टाळक्यात आलं नाही. लॅबमध्ये ग्लोव्हजशिवाय रिकाम्या बाटलीला हात लावत नाही, आणि इथे चिकात उघड्या बोटांनी बसले होते.

खरं तर काही वेळाने मी मोबाइल उलटा ठेवून दिला होता, कारण सासूबाई बोलायला लागल्या होत्या. समोरासमोर बसून हात कामात असले की माणूस बोलतो. त्यांनी त्यांच्या सासूचं सांगितलं, ती कशी फटकळ होती आणि तिच्या हातचं कालवण कसं असायचं ते. माझा नवरा लहानपणी काजूची बोंडं खाऊन कसा आजारी पडला ते सांगितलं. मी माझ्या गुजरातच्या खोलीचं सांगितलं, तिथल्या गोड आमटीचं सांगितलं, आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना विळी बाजूला करावी लागली. चहाची वेळ झाली तेव्हा चहा मी केला, आणि त्यांनी मला अडवलं नाही. मला उठावंसंच वाटत नव्हतं. अख्खा ढीग संपवून उठलो.

रात्री बोटं चुरचुरायला लागली. सकाळी बघते तर दोन्ही हातांची बोटं गाडीच्या ऑइलमध्ये बुडवून काढल्यासारखी दिसत होती. नवऱ्याने आपला हात माझ्या हाताशेजारी धरला आणि म्हणाला, “आता डेपोत तुलाच घेतात की नाही बघ.”

मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. लिंबू चोळून बघितलं, चिंचेचा कोळ लावून बघितला. मग नवऱ्याने डेपोतला ग्रीस काढायचा साबण आणला आणि मी मूर्खासारखी तोही लावला. डाग जरा फिकटले, पण कातडी मात्र सगळीकडून सुटायला लागली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी माझ्या बोटांची टोकं अशी होती की चादरीवर हात फिरवला तर धागे अडकत होते. मी आरशासमोर उभी राहून, हात मांडीवर कसे ठेवले म्हणजे दिसणार नाहीत याचा सराव केला. जे खरोखर वाचायचं होतं ते राहिलं ते राहिलंच.

एखाद्या बँकेत किंवा शाळेत मुलाखत असती तर एवढं काही बिघडलं नसतं. पण माझ्या कामात हातच सगळं असतात. जिथे इंजेक्शनच्या बाटल्या भरल्या जातात त्या खोलीत जाणाऱ्या माणसाने डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख घालायचा असतो, आणि माणसाच्या अंगावरून सुटणारा कातडीचा बारीक कणही तिथे जाता कामा नये. ज्याची कातडी सोलवटलीय त्याने आत जायचंच नाही, हा सगळ्याच कंपन्यांमधला नियम. गुजरातमध्ये नव्या पोरांना हा नियम मीच शिकवत होते.

नवऱ्याने मोटरसायकलवरून कंपनीच्या गेटपर्यंत सोडलं. “नीट बोल, घाबरू नको,” म्हणाला आणि स्वतःच एवढा घाबरला होता की माझी फाइल तशीच घेऊन वळला. ओरडून परत बोलवावं लागलं. गेटवरच्या माणसाने दोन्ही तळव्यांवर सॅनिटायझर मारलं आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सोललेल्या बोटांवर अल्कोहोल म्हणजे काय ते ज्याला भोगावं लागलंय त्यालाच कळेल. त्या माणसाला वाटलं असणार, बाई मुलाखतीच्या भीतीने गेटवरच रडतेय.

आत आम्ही पाच जण होतो. दोघे हैदराबादहून आले होते, एक अहमदाबादहून, एक पुण्याची मुलगी, आणि मी. बाकीच्यांचे बूट, बॅगा, इंग्रजी, सगळं तुकतुकीत होतं. पुण्याची मुलगी हात पुढे करून ‘हाय’ म्हणाली आणि मी नमस्कार केला. नमस्कारात बोटं दिसतात हे उशिरा लक्षात आलं. तहान लागली होती, पण पाण्याचा ग्लास उचलायचा म्हणजे बोटं आणखी पुढे करायची. मी तशीच बसून राहिले.

तोंडी मुलाखत बरी झाली. समोर तिघं होती. विभागाचे प्रमुख, वयस्कर, चष्म्यावरून बघणारे. गुणवत्ता विभागाचा एक तरुण माणूस, जो सारखा मान डोलवत होता. आणि एचआरची बाई. प्रश्न मला येत होते. प्रमुखांनी विचारलं, कामगाराच्या ग्लोव्हजच्या बोटांचे ठसे घेतलेल्या प्लेटवर जंतू वाढलेले दिसले तर आधी काय कराल? मी म्हटलं, आधी माणसाला दोष देणार नाही, आधी त्या दिवशी काय काय वेगळं घडलं ते शोधीन. त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. त्या क्षणी मला पहिल्यांदाच वाटलं की हे होईल. आणि तसं वाटल्याबरोबर भीती दुप्पट झाली, कारण आता गमवायला काहीतरी होतं.

मग प्रात्यक्षिक होतं. निर्जंतुक पोशाख कुठेही बाहेरून हात न लावता कसा घालायचा, ते करून दाखवायचं, आणि शेवटी ग्लोव्हज घातलेली बोटं जंतू वाढवायच्या प्लेटवर टेकवायची. मग प्लेट उबवायला ठेवतात आणि तिच्यावर काही वाढतंय का ते बघतात. आम्ही पाचही जण पोशाख बदलायच्या खोलीच्या दाराशी उभे राहिलो. प्रमुख स्वतः आले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “कुणाला सर्दी, खोकला, जखम, त्वचेचं काही?”

हा प्रश्न रोज विचारला जातो आणि रोज त्याचं एकच उत्तर दिलं जातं. चौघांनी एकसुरात ‘नो सर’ म्हटलं.

माझंही तोंड उघडलं होतं. मी खोटं सांगत नाही, ‘नो’ जिभेच्या टोकावर होतं. एकदा ग्लोव्हज चढले की आतली बोटं कुणाला दिसणार होती? दोन जोड्या घालतात, एकावर एक. प्लेट स्वच्छच आली असती बहुतेक. पण ‘बहुतेक’ हा शब्द मी गुजरातमध्ये कुणाकडूनही ऐकून घेत नव्हते. तो म्हणणाऱ्याला मी दारातून परत पाठवायची. आणि पुढे या दाराशी उभं राहून हाच प्रश्न मला विचारावा लागणार होता. मला स्वतःचाच भयंकर राग आला, काजूंचा आला, मुंबईच्या सगळ्या नातेवाइकांचा आला.

“सर, माझं आहे,” मी म्हटलं आणि दोन्ही हात पुढे केले.

एचआरची बाई एक पाऊल मागे सरली. हा संसर्गजन्य आजार आहे का, असं तिने इंग्रजीत विचारलं. पुण्याच्या मुलीने आपला हात पर्सवर घट्ट धरला. प्रमुखांनी चष्मा वर केला, वाकून बघितलं, आणि इतका वेळ इंग्रजी बोलणारा तो माणूस आमच्या हेलात म्हणाला, “काजूगर सोललेत काय?”

“हो सर.”

“त्याल नाय लावलंत?”

“लावलं होतं. पुसलं.”

ते हसले नाहीत, पण हसू दाबताना त्यांच्या मिशा हलल्या. दुसऱ्या क्षणी पुन्हा साहेब झाले. “मला तुम्हाला आत सोडता येणार नाही,” म्हणाले. “तुम्ही बाहेर बसा.”

मी काचेच्या बाहेर बसले. आत बाकीचे चौघे पोशाख चढवत होते. अहमदाबादच्या मुलाची बाही जमिनीला लागली आणि त्याला कळलंही नाही. मला इथून कळत होतं. काच वाजवून सांगावं असं वाटत होतं. डोळे भरून येत होते आणि ते पुसायला धड बोटंही नव्हती. डोक्यात एकच विचार होता, की संपलं सगळं. आता पुन्हा ते स्टेशन, ती गाडी, ती गोड आमटी, आणि ‘चहा झाला का तुमचा?’

सगळे गेल्यावर प्रमुखांनी मला एकटीला केबिनमध्ये बोलावलं.

“तुमचं तोंडी चांगलं झालं,” ते म्हणाले. “हात बरे झाले की प्रात्यक्षिकाला बोलावता येईल. तोवर दुसरं कुणी ठरलं तर ते माझ्या हातात नाही. पण मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही इतकी वर्षं गुजरातमध्ये काम केलंत. तिथे काजू नाही. इथे तुमच्या घरामागे बाग आहे म्हणता. म्हणजे मार्च दर वर्षी येणार. दर मोसमात इथली अर्धी मुलं असले हात घेऊन दाराशी उभी राहतात आणि मला त्यांना परत पाठवावं लागतं. मग ओरड होते, की कंपनी स्थानिकांना घेत नाही. तुम्ही काय कराल?”

“मी हात लावणार नाही सर. कधीच नाही.”

“घरी चालेल?”

“चालेल,” मी म्हटलं. एका क्षणात म्हटलं. नोकरीसाठी मी तेव्हा काहीही कबूल केलं असतं.

गेटबाहेर नवरा थांबला होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो आधी ‘काजूमुळे?’ म्हणून हसला, मग माझं तोंड बघून त्याने गाडीला किक मारली. मोटरसायकलवर अर्ध्या वाटेत मला कळलं की मी काय कबूल करून आलेय.

गेल्या पावसात सासूबाईंनी घरामागच्या कातळाकडेला काजूची नवी कलमं लावली होती. नवरा म्हणाला होता, एवढं या वयात कशाला, तर त्या म्हणाल्या होत्या, ‘सून कायमची आली की दोघी मिळून करू.’ ही गोष्ट मला त्यानेच फोनवर कौतुकाने सांगितली होती. आणि मी एका अनोळखी साहेबाला सांगून आले होते की मी त्या बागेला हात लावणार नाही. त्यांना न विचारता. त्या घरात एका दुपारी मी पाहुणी नव्हते, आणि तीच दुपार मी देऊन टाकली होती.

मुलाखतीपेक्षा जास्त भीती मला घराच्या पायऱ्या चढताना वाटली. सासूबाई पडवीतच होत्या. पुढे विळी, बाजूला नवा ढीग.

“झाली काय?” त्यांनी विचारलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हातांमुळे प्रात्यक्षिक राहिलं ते, साहेबांनी काय विचारलं ते, आणि मी काय उत्तर दिलं ते. विळीवरचा हात थांबला होता.

“म्हंजे मी बसवलं म्हनून तुजी नोकरी गेली,” त्या शेवटी म्हणाल्या.

“तुम्ही नाही बसवलंत आई, मी बसले. आणि अजून गेली नाहीये. पण मिळाली तर मला पुन्हा नाही बसता येणार. कुठल्याच वर्षी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. विळी मिटून ठेवली आणि बागेकडे गेल्या. दिवेलागणीला परत आल्या तेव्हा जेवणखाणाशिवाय काही बोलल्या नाहीत. मी निघाले त्या दिवशी त्यांनी खोबरेल तेलाची बाटली माझ्या बॅगेत टाकली. ती रागाने टाकली की मायेने, हे मला गाडीभर ठरवता आलं नाही.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. बोटांना नवी कातडी आली, गुलाबी आणि पातळ. मी रोज तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवायचे आणि तो अंगठा दाखवायचा. कंपनीकडून काही कळत नव्हतं. फोन वाजला की मी धावत उचलायचे आणि पलीकडे कुणीतरी कर्ज देऊ करत असायचं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. नोकरी मिळाली नाही तर सगळं होतं तसंच राहणार होतं. आणि मिळाली, तर ज्या घरासाठी हा सगळा आटापिटा केला त्या घरात मी कायमची पाहुणी होऊन जाणार होते. सगळे कामात आणि सून खुर्चीवर. सासूबाई फोनवर ‘जेवलीस?’ एवढंच विचारायच्या. मी ‘जेवले’ म्हणायचे. दोघींनाही पुढे सरकता येत नव्हतं.

एक दिवस बोलावणं आलं. मी रात्रीच्या गाडीने गेले, स्टेशनवरून थेट कंपनीत. प्रमुखांनी माझे हात उलटेपालटे करून बघितले, बोटं एकेक करून बघितली, आणि दार उघडलं. मी पोशाख चढवला. बाही कुठे लागली नाही. प्लेटवर बोटं टेकवताना मात्र एक ठसा दुहेरी उठला. त्याच दिवशी परतीची गाडी धरली, कारण रजा उरली नव्हती. घरी पाऊलही ठेवलं नाही. वेळ नव्हता हे खरं आहे, आणि धीर झाला नाही हेही खरं आहे.

मग ती प्लेट उबेत ठेवलेली होती आणि मी गुजरातमध्ये उकडत होते. माझ्या बोटांखालून काही वाढतंय का, हे तिकडे कुणीतरी रोज उजेडात धरून बघत असणार. दुसऱ्यांच्या प्लेट्स मी असंख्य बघितल्या होत्या. ज्याची प्लेट असते त्या माणसाचं तोवर काय होत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता.

फोन दुपारी आला. प्लेट स्वच्छ होती. नेमणुकीचं पत्र ईमेलने येईल, असं एचआरची बाई म्हणाली आणि हात कसे आहेत हेही विचारलं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकले आणि नवऱ्याला फोन लावला. तो घरीच होता, साप्ताहिक सुट्टी होती. तो एकदम मोठ्याने “आये, झालं!” असं ओरडला, आणि मी ‘थांब, थांब’ म्हणेपर्यंत फोन सासूबाईंच्या हातात गेला होता.

“मिळाली?” त्यांनी विचारलं.

“हो आई.” आणि दीड महिना जे घशात अडकलं होतं ते मी बोलून टाकलं. “पण आई, ते काजूचं... मी तुम्हाला न विचारता कबूल केलं. ती कलमं तुम्ही माझ्यासाठी लावलीत. तुम्हाला राग आला असेल तर—”

“कसला राग?” त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. “मला वाटलं तूच रागावलीस. आलीस तशी गाडीत बसून गेलीस, घराकडं बघितलंस पन नाय.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐक गो. काजू सोलायला मला गावात कोन पन मिळंल. मी काय त्यासाठी सून आनली नाय. त्या दिवशी तू समोर बसलीस, बोललीस. ह्यो पोरगा माज्याशी कदी बोलतो? डेपोतनं आला की मोबाइल. मी सोलीन. तू नुसती समोर बस. बोलत बस.”

मी रडायला लागले. कॉरिडॉरमधून लॅबची पोरं जात होती, ती दबकून बाजूने निघून गेली.

“काय झालं गो?” त्या पलीकडून विचारत होत्या. “नोकरी मिळाली ना? मंग रडतीयस कशाला?”

“मिळाली आई,” मी म्हटलं. “मिळाली.”